ताईंचा शब्द आणि हिशेबाची वही

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी गावी परतलो आणि एका छोट्या संस्थेचे हिशेब पाहू लागलो. गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. संस्था ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवते. ज्यांनी ती सुरू केली त्यांना सगळे ताई म्हणतात. मी वयानं बराच मोठा, पण मीही ताईच म्हणतो. त्या मला काका म्हणतात.

हे लिहायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत आसपासच्या संस्थांमधली माणसं आमच्याकडे येऊन बसतात आणि थोड्याफार फरकानं तीच गोष्ट सांगतात. त्यांच्याकडेही एखाद्या ताई किंवा एखादे सर असतात. माणसं त्यांच्याकडे आपोआप ओढली जातात. संस्था त्यांच्यामुळेच उभी राहिलेली असते. आणि त्यांच्याबरोबर काम करणारे दोन-तीन वर्षांत थकून निघून जातात. आमच्याकडेही ती वेळ आली होती. त्यातून काय करून बाहेर पडलो ते जसं घडलं तसं सांगतो. लिहिण्याआधी ताईंना विचारलं. त्यांनी सगळं वाचलं, काही खोडलं नाही, एक गोष्ट वाढवायला सांगितली. ती पुढे येईल.

आधी आमच्या कामाविषयी. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, आमच्याकडे एका जोडप्याला एक कोयता म्हणतात, सांगली, कोल्हापूर, सातारा, पार कर्नाटकापर्यंत कारखान्यांवर जातात. मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. मुलं बरोबर नेली की शाळा बुडते. मोठी मुलगी असेल तर ती कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, स्वयंपाक करते, धाकट्याला सांभाळते, आणि पुढच्या वर्षी शाळेत परत येईलच याची खात्री नसते. ही मुलं सहा महिने गावातच ठेवून घ्यायची, जेवण, झोपणं, अभ्यास बघायचा, एवढंच आमचं काम. सांगायला सोपं आहे. पण आई-बापांना लेकरू मागे ठेवायला राजी करणं फार अवघड असतं, आणि ते ताईंशिवाय कोणाला जमत नव्हतं.

मी नवीन असताना त्यांच्याबरोबर एका तांड्यावर गेलो होतो. मुलगी सातवीत, हुशार. बाप म्हणाला, "ताई, ही इथं राहिली तर बारकं कोण सांभाळील फडात?" मी असतो तर शिक्षणाचं महत्त्व सांगत बसलो असतो. ताई काहीच बोलल्या नाहीत. चुलीपाशी बसल्या, बारक्याला मांडीवर घेतलं, त्याला खोकला किती दिवस आहे विचारलं. मागच्या वर्षी कुठल्या कारखान्यावर होतात, मुकादम कोण, अंगावर किती उचल फिटायची राहिली, हे सगळं विचारत गेल्या. तासाभरानं मुलीची आई स्वतःच म्हणाली की माझ्या सासूला बरोबर नेऊ, ती बघंल बारक्याला. ताईंनी फक्त एवढं विचारलं, "सासूबाईंना थंडी सोसंल का?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी घोंगडी पाठवली. ती मुलगी पुढे बारावी झाली. आता नर्सिंगला आहे.

असं मी पुष्कळदा पाहिलं. आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहतं. त्याच्या घरचं आजारपण लक्षात राहतं. पुण्याहून देणगीदार आले तर ते वसतिगृह बघायला आलेले असतात आणि जाताना घरातल्या कोणाशी तरी बोलल्यासारखे मोकळे होऊन जातात. दुसरा गुण मला त्याहून मोठा वाटतो. समोरच्या माणसात काय आहे ते त्यांना त्याच्या आधी दिसतं. आमच्याकडे भाकरी करायला येणारी एक बाई चौथी शिकलेली होती. मुलांची भांडणं ती कशी मिटवते हे ताईंनी पाहिलं आणि तिला वसतिगृहाचं काम सोपवलं. सगळ्यांनी नको म्हटलं. आज संस्थेचा रोजचा कारभार तीच बघते. तिला आम्ही मावशी म्हणतो. हे मी चाळीस माणसांच्या शाखेत काम करून आलेला माणूस सांगतोय: मला तिच्यात ते दिसलं नव्हतं.

आता ताईंची कामाची पद्धत. त्या बोलता बोलता विचार करतात. कागद-पेन घेऊन एकट्या बसल्या तर त्यांना काही सुचत नाही, समोर कोणी असलं की सुचत जातं. त्यामुळे अकराची बैठक तीनपर्यंत चाले आणि त्यातून चार नव्या कल्पना निघत. कल्पना खरोखर चांगल्या असत. साने गुरुजी हे त्यांचं दैवत. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. हे ताईंनी एका बैठकीत सांगितलं आणि संध्याकाळी आमच्या वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांचं हस्तलिखित दैनिक लागलं. पहिला आठवडा ताई स्वतः रात्री बसून मुलांकडून लिहून घेत होत्या. मग दुसऱ्या तांड्यावरचं काम निघालं. दैनिकाचं साप्ताहिक झालं, मग भिंत मोकळी झाली. आठवीतल्या एका मुलीनं ते मनावर घेतलं म्हणून पुन्हा सुरू झालं.

सुरुवात करणं त्यांना जमतं. माणूस जोडलेला असेल तर शेवटही त्या करतात. मधला भाग राहतो. मधला भाग म्हणजे पावत्या, हजेरी, कोटेशन, धर्मादाय कार्यालयात जायचे कागद, ऑडिट. यात आळस नाही हे मी आवर्जून सांगतो. त्या पहाटे पाचला उठतात आणि रात्री अकराला देणगीदारांना हातानं आभाराची पत्रं लिहीत असतात. पण ज्या कामात समोर माणूस नाही ते काम त्यांच्या हातात टिकत नाही.

आणि त्यांना नाही म्हणता येत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस झाला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जे कधी उसाला गेले नव्हते तेही त्या वर्षी निघाले. आमच्या वसतिगृहाची सोय साठ मुलांची. दिवाळीनंतर रोज कोणीतरी लेकराचा हात धरून दारात उभं असे. ताईंनी एकालाही परत पाठवलं नाही. मुलं शंभराच्या वर गेली. व्हरांड्यात ताडपत्री बांधून मुलगे झोपायला लागले. त्याच महिन्यात त्यांनी शेजारच्या गावातल्या बायकांना शिलाई मशिनी देते म्हणून सांगितलं. एका छावणीवर जनावरांच्या चाऱ्याला हातभार लावू असं सांगितलं. एका शाळेला ग्रंथालयाचा शब्द दिला. प्रत्येक शब्द मला नंतर कळे. माणूस माझ्यासमोर येऊन बसे आणि म्हणे, ताईंनी सांगितलंय.

संस्थेच्या खात्यात त्या वेळी एका कंपनीचा पैसा होता. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करावा लागतो, २०१४ पासून तसा कायदा आहे. तो पैसा मुलींच्या स्वच्छतागृहांसाठी आणि न्हाणीघरांसाठी आला होता. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. जानेवारीत मी पासबुक भरून आणलं आणि पाहिलं तर त्यातली निम्म्याच्या आसपास रक्कम धान्याच्या दुकानाला गेली होती. चेकवर ताईंची आणि एका विश्वस्तांची सही. विश्वस्तांनी ताईंच्या शब्दावर सही केलेली. मी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, पैसे मुलांसाठीच आले होते ना? आणि मुलांच्याच पोटात गेले."

यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. स्वतःसाठी त्यांनी कधी रिक्षाचं भाडंही लावलेलं नाही. पण ज्या कामासाठी देणगी आली ते सोडून ती दुसरीकडे खर्च करणं म्हणजे देणाऱ्याचा विश्वास मोडणं आणि कायद्याच्या अडचणीत येणं. विश्वस्तांवर त्याची वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. मला रात्री झोप लागेना.

फेब्रुवारीपर्यंत स्वयंपाकाच्या बायकांचे पगार थांबले. किराणा दुकानदार चांगला माणूस, पण त्यानंही माल देताना वही पुढे करायला सुरुवात केली. दोन तरुण शिक्षक होते, दोघंही ताईंचं भाषण ऐकून शहरातली नोकरी सोडून आलेले. त्यातल्या एकानं बैठकीत सर्वांसमोर सांगितलं की इथं नियोजन नाही, नुसत्या भावना आहेत. मुलगा वाईट नव्हता. तो महिनाभर शंभर मुलांच्या गणिताच्या वह्या एकटा तपासत होता. ताईंचा चेहरा पडला. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे कितीतरी दिवस त्या ज्याला त्याला विचारत राहिल्या, "तुम्हालाही असंच वाटतं का?" त्यानं कामावर बोट ठेवलं होतं, त्यांना ते स्वतःवर लागलं. तो मार्चमध्ये सोडून गेला आणि ताईंनी त्याचं जाणं मुलगा घर सोडून गेल्यासारखं मनाला लावून घेतलं. एप्रिलमध्ये त्या तांड्यावर चक्कर येऊन पडल्या. रक्तदाब फार वाढला होता. अंबाजोगाईला दवाखान्यात ठेवावं लागलं.

दवाखान्यात त्या झोपलेल्या असताना माझ्या मनात जे आलं ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसलेल्या साने गुरुजींनी ११ जून १९५० ला स्वतःचं आयुष्य संपवलं. दुसऱ्याचं दुःख आपलंच मानणारा माणूस अपयशही तसंच आत घेतो, याची मला भीती वाटली. ताई तशा काही बोलल्या नव्हत्या. तरी मी त्यांच्या बहिणीला फोन केला, ती सांगलीहून आली. डॉक्टरांना सांगितलं की रक्तदाबाच्या गोळीबरोबर त्यांची झोप आणि मन कसं आहे हेही विचारा. त्यांनी नीट विचारलं. अशा माणसाच्या जवळ जे राहतात त्यांनी हे आधीच करावं. ती माणसं सगळ्यांची विचारपूस करतात, त्यामुळे त्यांची कोणी करत नाही.

ताई बहिणीकडे विश्रांतीला गेल्या तेव्हा आम्ही चौघं बसलो. मी, मावशी, राहिलेला शिक्षक आणि सह्या करणारे विश्वस्त. पहिला प्रश्न कंपनीच्या पैशाचा. काहींचं म्हणणं होतं की पावत्या जुळवून घेऊ. मी साफ नकार दिला. आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. दुष्काळामुळे मुलं किती वाढली, किती रक्कम धान्यावर गेली, त्याच्या पावत्या जोडल्या, ती रक्कम आम्ही कधीपर्यंत भरून काढू ते लिहिलं. त्यांनी विचारायच्या आधी लिहिलं. कंपनीच्या अधिकारी बाई स्वतः येऊन सगळं बघून गेल्या. त्यांनी मुदत वाढवून दिली, पण पुढचा हप्ता काम पूर्ण झाल्यावरच मिळेल असं सांगितलं. रक्कम आम्ही गावातून, जुन्या विद्यार्थ्यांकडून आणि मुंबई-पुण्यात असलेल्या आमच्या भागातल्या लोकांकडून उभी केली. दिवाळीआधी न्हाणीघरं बांधून झाली. कोणी अशा पेचात असेल तर एवढंच सांगतो, पत्र लवकर लिहा. उशीर झाला की तीच गोष्ट लपवल्यासारखी दिसते.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका प्रशिक्षणाला आम्ही तिघं गेलो होतो. ताई बऱ्या होऊन आल्या होत्या. तिथं स्वभावाची एक प्रश्नावली भरून घेतली. माणसांचे सोळा प्रकार पाडणारी, मायर्स-ब्रिग्ज म्हणतात तिला. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये स्वभावप्रकारांवर पुस्तक लिहिलं, त्यावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकेतल्या मायलेकींनी ती तयार केली. ताईंचा प्रकार निघाला ईएनएफजे. म्हणजे माणसांतून बळ घेणारा, आहे त्यापेक्षा काय होऊ शकेल ते पाहणारा, निर्णय मनानं घेणारा, सगळ्यांना बरोबर घेऊन जायची ओढ असणारा. पुढे कमकुवत बाजू लिहिल्या होत्या: टीका मनाला लागते, झेपेल त्याहून जास्त अंगावर घेतो, वाद टाळतो, दुसऱ्यांसाठी स्वतःला विसरतो. ताई वाचून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एकटीच अशी नाही."

या प्रश्नावलीवर फार भिस्त ठेवू नये. मानसशास्त्रातल्या अनेक अभ्यासकांचा तिच्यावर आक्षेप आहे. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा भरतो आणि प्रकार बदलतो. माणसं सोळा कप्प्यांत बसत नाहीत, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. नोकरीवर घ्यायला किंवा काढायला तर ती वापरूच नये. आम्हाला तिचा एवढाच उपयोग झाला की जे बोलायला वर्षभर कोणाची जीभ रेटत नव्हती ते कागदावर समोर आलं आणि त्यात कोणाचा दोष निघत नव्हता. परतीच्या एसटीत आम्ही त्यावर अंबाजोगाई येईपर्यंत बोललो.

ताईंनी वाढवायला सांगितलेली गोष्ट त्या प्रवासातली. मी विचारलं होतं, नाही म्हणायला एवढं काय अवघड आहे? त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला नाही म्हणायचं असतं तेव्हा तुमच्यासमोर हिशेब असतो. माझ्यासमोर चेहरा असतो. तो रात्रभर जात नाही. हो म्हटलं की निदान त्या वेळी तरी तो माणूस हलका होऊन जातो." त्यांचं म्हणणं आहे की हे लिहावं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की अशी माणसं बेफिकिरीनं शब्द देतात.

हे ऐकल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट झाली. ताईंना नाही म्हणायला शिकवण्यात अर्थ नव्हता. जो स्वभाव आई-बापांना राजी करतो तोच शब्दही देऊन बसतो, त्यातला अर्धा कापून काढता येत नाही. मग शब्द तोंडातून निघाल्यापासून तो खर्चात येईपर्यंत मध्ये काहीतरी ठेवायला हवं होतं.

आधी एका सल्लागारांनी आम्हाला कार्यपद्धतीची जाड पुस्तिका करून दिली होती. ताईंनी ती कौतुकानं वाचली, सगळ्यांना दाखवली, आणि कपाटात गेली ती गेली. म्हणून आम्ही एक साधी दोनशे पानी वही घेतली. तिचं नाव शब्दवही. ताईंनी कुठंही, कोणालाही, काहीही कबूल केलं की त्याच संध्याकाळी ते त्यात लिहायचं. लिहायचं काम मावशींकडे, कारण ताई मावशींना सगळं सांगतात. तारीख, कोणाला, काय, अंदाजे खर्च, आणि शेवटचा रकाना: कोण करणार. शेवटचा रकाना भरल्याशिवाय काम सुरू होत नाही. तिथं ताईंचं नाव एका वेळी जास्तीत जास्त तीनदा येऊ शकतं. चौथं हवं तर आधीचं एक पूर्ण करा किंवा दुसऱ्याला द्या. हे ताईंनी स्वतः ठरवलं, म्हणून टिकलं.

दुसरं, ताईंनी लोकांना एक वाक्य सांगायला सुरुवात केली: "करू आपण, पण मावशींशी बोलून परवा कळवते." यात नकार नाही. समोरचा नाराज होऊन जात नाही. दोन दिवसांत आम्ही बघतो काय जमतं. जमणार नसेल तर मावशी जाऊन सांगते. ती इथल्याच तांड्यातली, तिला लोकांची भाषा येते, नुसतं नाही सांगून येत नाही. अमुक ठिकाणी विचारा, तहसीलमध्ये तमुक अर्ज द्या, हे बरोबर घेऊन जाते.

पैशाच्या बाबतीत आम्ही विशिष्ट कामासाठी आलेल्या देणग्यांचं खातंच वेगळं केलं. त्यावर ताईंची सही नाही. हे मी फार घाबरत सुचवलं होतं. ज्या बाईंनी दागिने मोडून संस्था सुरू केली त्यांना सांगायचं की या खात्यावर तुमची सही नको. त्या लगेच हो म्हणाल्या, आणि मला वाटतं त्यांना बरंच वाटलं. त्याचबरोबर दर महिन्याला एक छोटी रक्कम ताईंच्या हातात ठेवायची असंही ठरवलं. तिचा हिशेब फक्त मागाहून एका ओळीत द्यायचा. कोणाचं औषध, कोणाचं एसटीचं भाडं, कोणाला घोंगडी. विश्वस्तांना हे आधी पटलं नाही. मी आग्रह धरला. सगळीकडेच मला विचारा म्हटलं असतं तर ताई महिन्याभरात कोमेजल्या असत्या, किंवा लपवून द्यायला लागल्या असत्या. रक्कम संपली की त्या स्वतः सांगतात, आता पुढच्या महिन्यात.

बैठकीत फळ्यावर तीन विषय लिहायचे असं ठरवलं. नवी कल्पना निघाली की ती फळ्याच्या कडेला लिहून ठेवायची आणि महिन्याच्या शेवटी एकदाच काढायची. त्यातल्या काही तोवर आपोआप गळतात. काही राहतात, त्या खरंच चांगल्या असतात. पण कल्पनांची वेळच बंद करू नका. ताईंना बोलायला कोणी लागतं, नाहीतर त्यांचं डोकं चालत नाही. म्हणून रोज सकाळच्या चहाला मी अर्धा तास त्यांच्यासमोर बसतो. त्या बोलतात, मी ऐकतो, त्यातलं काहीही निर्णय म्हणून धरायचं नाही असा आमचा करार आहे.

चुकलेलं सांगायचं तर ते त्याच चहाला, दोघांतच. चारचौघांत कधी नाही. चिठ्ठीनं किंवा फोनवरच्या मेसेजनं तर नाहीच, कारण लिहिलेलं त्या पुन्हा पुन्हा वाचतात आणि प्रत्येक वाचनात ते जास्त कडू होतं. एका वेळी एकच काम घ्यायचं आणि हेतूबद्दल बोलायचं नाही. 'तुम्ही कोणाचं ऐकत नाही' हे चालत नाही. 'मंगळवारी आलेल्या चार मुलांना गाद्या नाहीत, काय करायचं' हे चालतं. दुसरं ऐकल्यावर त्या लगेच उठून कामाला लागतात.

विश्रांतीचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही. रविवारी घरी राहायचं ठरवलं तर माणसं घरी येतात. बहिणीकडे सांगलीला गेल्या तर जवळच्या फडांवर आमच्या मुलांचे आई-बाप असतात, त्यांना भेटायला निघतात. आता वर्षातून दोनदा बहीणच त्यांना कोकणात घेऊन जाते आणि फोन स्वतःकडे ठेवते. एवढ्यावर सध्या भागवतोय.

या सगळ्याची परीक्षा लवकरच झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या मुलांचे आई-बाप कारखान्यांवर अडकले. मुलं इथं, ते तिथं. त्या दिवसांत ताई काय होत्या ते शब्दांत सांगता येत नाही. रोज पहाटेपासून ऊसतोडीच्या टोळ्यांना फोन. प्रत्येक मुलाचं आईशी बोलणं करून द्यायचं. मुकादमांची नावं त्यांना पाठ, कोणाकडून धान्य मिळेल हे माहीत. रडणाऱ्या माणसाला त्या दहा मिनिटांत शांत करत. एप्रिलमध्ये सरकारनं परत यायला परवानगी दिली आणि गाड्या यायला लागल्या. ताईंनी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला महिन्याचं धान्य देऊ असं सांगून टाकलं. मावशीनं वही काढली. कुटुंबं मोजली, रक्कम लिहिली. तेवढे पैसे नव्हते. मागच्यासारखं असतं तर पुन्हा दुसऱ्या कामासाठी आलेला पैसा त्यात गेला असता. या वेळी ताई वहीकडे बघत म्हणाल्या, "मग पंधरा दिवसांचं देऊ, आणि राहिलेल्याची यादी घेऊन मी तहसीलदारांकडे जाते." गेल्या, आणि रेशनचं धान्य मिळवून आणलं. ज्यांच्या कार्डाची अडचण होती त्यांचीही सोय लावली. त्या उन्हाळ्यात कोणाचा पगार थांबला नाही.

साधनाताई आमटे यांचं 'समिधा' मी त्याच काळात पुन्हा वाचलं. आनंदवनाचं नाव निघालं की बाबा आमट्यांचं नाव निघतं, पण तिथला रोजचा संसार कोण ओढत होतं हे त्या पुस्तकात दिसतं. मी ते मावशीला वाचायला दिलं. ती हळूहळू वाचते. दोन महिन्यांनी परत देताना म्हणाली, "काका, हे आपल्यासारख्यांचं पुस्तक आहे." मला तिच्या 'आपल्या'मध्ये घेतल्याचा आनंद झाला.

सोडून गेलेला शिक्षक परत आला नाही. ताईंनी त्याला पत्र लिहिलं, त्याचं उत्तरही आलं, आता तो दिवाळीला मुलांसाठी पुस्तकं पाठवतो. एवढं झालं तेही पुष्कळ.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. देणगीदार ताईंना ओळखतात, संस्थेला नाही. ताई पन्नाशी ओलांडत आहेत. त्या नसतील तेव्हा कोणाच्या शब्दावर पैसे येणार? यावर दोन वर्षांपासून आम्ही एक करतोय. देणगीदारांना भेटायला ताईंबरोबर मावशी आणि एक जुनी विद्यार्थिनी जाते. आधी त्या नुसत्या बसायच्या. मग ताई काम सांगायच्या आणि आकडे मावशी. या जूनमध्ये मुंबईच्या एका कंपनीकडे ताई मुद्दाम गेल्या नाहीत. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न होता, ताई का नाही आल्या? मावशी म्हणाली, त्या तांड्यावर आहेत, मी कारभार बघते, मला विचारा. त्यांनी तासभर विचारलं. एका मुलावर जेवणाचा खर्च किती, मुली आजारी पडल्या तर कुठे नेता, मागच्या वर्षी किती मुलं मध्येच निघून गेली आणि का. मध्येच गेलेल्या मुलांचा आकडा मावशीनं लपवला नाही, प्रत्येकाचं कारण सांगितलं. मंजुरी अजून आलेली नाही. त्यांनी मागितलेला तीन वर्षांचा ऑडिट अहवाल मी सोमवारी पाठवला आहे.